अठ्ठ्याऐंशी दिवसांचं गाव

दोस्तांनो, तुमचा पिन कोड पाठ आहे ना? सहा आकडी असतो तो. पाकिटावर पत्त्याच्या शेवटी लिहिला, की पोस्टमनकाकांना शोधाशोध करावी लागत नाही. पिन कोडचं काम एवढंच, असं इतकी वर्षं मलाही वाटत होतं. पण जगाच्या पाठीवर एक देश असा आहे, की तिथं पाहुण्यानं आणखी एक वर्ष राहायचं की बॅगा भरून घरी जायचं, हेसुद्धा पिन कोडवरून ठरतं!

तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. आणि आज मी तुम्हाला घेऊन जाणार आहे तिथल्या बंडाबर्ग नावाच्या गावाला. पिन कोड ४६७०. (तिकडचे पिन कोड चारच आकड्यांचे असतात.)

मी तिथं गेले माझ्या भाचीला भेटायला. ती तासगावची. द्राक्षबागायतदाराची मुलगी, शेतकी पदवीधर. तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून तुम्ही तिला ताई म्हणा. मीही या गोष्टीत तिला ताईच म्हणणार आहे.

ऑगस्टचा महिना होता. आपल्याकडे श्रावणसरी आणि तिकडे हिवाळा! ऑस्ट्रेलिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ऋतू उलटे. भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य मी पाठ केलं होतं. ब्रिस्बेन स्टेशनावर सकाळच्या गारठ्यात शाल गुंडाळून उभी राहिले, तेव्हा ते खरं समजलं. तिथून बंडाबर्गला जाणारी गाडी मोठी मजेदार आहे. वळण आलं की तिचे डबे आतल्या बाजूला झुकतात. सायकलवरून वळताना तुम्ही झुकता ना, अगदी तसे! म्हणून तिचं नावच टिल्ट ट्रेन. १९९९ साली याच गाडीनं ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठून ऑस्ट्रेलियातला विक्रम केला होता. रोजची धाव मात्र ताशी १६० पर्यंत. वाटेत ग्लासहाउस पर्वताचे सुळके दिसतात. फार फार पूर्वीच्या ज्वालामुखींच्या नळ्यांत गोठलेला तो दगड. भोवतालची माती झिजून गेली आणि सुळके तेवढे उभे राहिले.

साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून संध्याकाळी बंडाबर्गला उतरले. ताई घ्यायला आली होती. गळ्यात पडली. मी तिचे हात हातात घेतले आणि दचकलेच. बोटांची टोकं लालसर, खरखरीत, नखांत माती.

"अगं, हे काय झालं?"

"स्ट्रॉबेरी झाली, मावशी!" ती हसून म्हणाली. "आजचा सहासष्टावा दिवस."

सहासष्टावा दिवस कसला? तेच तर सांगायचंय.

ऑस्ट्रेलिया हा देश आपल्या भारताच्या दुपटीहून मोठा, पण माणसं किती? पावणेतीन कोटींच्या आसपास. आपल्या एकट्या महाराष्ट्रात त्याच्या चौपटीहून जास्त माणसं राहतात! त्यातून तिथली बहुतेक माणसं समुद्राकाठच्या मोठ्या शहरांत. मग आत, लांबवर पसरलेल्या शेतांत आणि बागांत फळं तोडायची कुणी? यंत्रं आहेत, पण स्ट्रॉबेरी यंत्राच्या हाती दिली तर तिचा मुरंबाच व्हायचा.

दुसरीकडे, जगभरच्या तरुण मुलामुलींना देशोदेशी फिरण्याची हौस असते आणि खिशात पैसे कमी असतात. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियानं १९७५ साली एक खास व्हिसा सुरू केला. व्हिसा म्हणजे परदेशात जाऊन राहण्याचा परवाना, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या व्हिसावर एक वर्ष देशभर फिरायचं आणि फिरता फिरता काम करून पैसेही कमवायचे. त्याला म्हणतात वर्किंग हॉलिडे, म्हणजे कामाची सुट्टी! सुरुवातीला फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातल्या मुलांना तो मिळे. मग जपान, जर्मनी, फ्रान्स, तैवान असे करत करत कितीतरी देश आले. अलीकडे दर वर्षी दोन लाखांहून जास्त असे व्हिसा दिले जातात.

२००५ साली सरकारनं एक युक्ती काढली. "तुम्हाला दुसरं वर्ष राहायचंय? खुशाल राहा. पण पहिल्या वर्षी तीन महिने खेड्यापाड्यात जाऊन आम्हाला नड असलेलं काम करा." तीन महिने म्हणजे सरकारी हिशेबानं ८८ दिवस. शेती, फळतोडणी, गुरं राखणं, मासेमारी, झाडं लावणं, बांधकाम अशी कामं चालतात. वणवे आणि पूर येऊन गेलेल्या गावांत डागडुजी केली तर तेही चालतं. २०१९ पासून आणखी एक पायरी आली: दुसऱ्या वर्षी सहा महिने असं काम केलं, तर तिसरं वर्षही मिळतं.

आणि काम कुठं केलं म्हणजे ते मोजायचं? इथं आपला पिन कोड येतो. सरकारनं पिन कोडची यादीच केली आहे. ब्रिस्बेन शहराचा पिन कोड ४०००. तो शेतकामाच्या यादीत नाही. बंडाबर्गचा ४६७० यादीत आहे. गंमत पुढंच आहे. बंडाबर्गला स्ट्रॉबेरी तोडली तर दिवस मोजतात, पण त्याच बंडाबर्गला हॉटेलात कपबशा उचलल्या तर मोजत नाहीत! हॉटेलातलं काम मोजायचं, तर ते साधारण मकरवृत्ताच्या उत्तरेला किंवा अगदी दूरच्या, आडबाजूच्या गावात केलेलं असलं पाहिजे. मकरवृत्त म्हणजे नकाशावरची तुटक रेघ, एवढीच आपली ओळख. तिकडं त्या रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे माणसांची नशिबं बदलतात.

भारतातल्या मुलांना या व्हिसाचं दार उघडलं ते २०२४ साली. जागा वर्षाला फक्त १०००. वय १८ ते ३०, बारावीनंतर निदान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि इच्छुक इतके, की नावं सोडतीनं काढतात. ताईचं नाव सोडतीत निघालं तेव्हा ती तीस वर्षांची होती. आता तुमच्या लक्षात आलं का, अडचण कुठं आहे ते? एकतिसावा वाढदिवस उजाडायच्या आत तिला दुसऱ्या वर्षाचा अर्ज करायचा होता. त्याआधी ८८ दिवस पुरे व्हायला हवे होते.

मी पोचले तेव्हा ६६ झाले होते. उरले २२. वाढदिवसाच्या आधी हातात होते ३२ दिवस; त्यातले ४ रविवार सुट्टीचे. राहिले २८. म्हणजे फक्त सहा दिवसांची सवड! पूर्ण वेळाची नोकरी असेल तर आठवड्याच्या सुट्ट्याही मोजता येतात. पण ताईचं काम रोजंदारीचं होतं. म्हणून शंकेला जागाच नको, अशा हिशेबानं ती प्रत्यक्ष काम केलेलेच दिवस धरत होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज रात्री एक तांबडी फुली मारायची.

तिच्या वसतिगृहात अशी कॅलेंडरं जिकडेतिकडे होती. तैवानची एक मुलगी चाळिसाव्या दिवसावर होती, फ्रान्सचा एक मुलगा सत्तराव्या. "तू कुठली?" या प्रश्नाच्या पाठोपाठ "तुझा कितवा?" हा प्रश्न ठरलेला. इंग्लंडच्या एका मुलीकडे मात्र कॅलेंडर नव्हतं. ब्रिटनच्या पासपोर्टवाल्यांना १ जुलै २०२४ पासून अशी अट नाही. दोन्ही देशांच्या व्यापार करारात ती काढून टाकली आहे. एकाच खोलीत, एकाच शेतावर काम करणाऱ्या मुलींना वेगवेगळे नियम. तैवानची मुलगी यावर काही बोलत नसे. नुसती खांदे उडवायची.

पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात ही झुंबड! कुणी भात डब्यात भरतंय, कुणी पावाला लोणी लावतंय. आमची ताई पोळीभाजी. सव्वापाचला गाडी आली की सगळे पसार. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंच्या परवानगीनं मीही बांधावर जाऊन उभी राहिले.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचे गादीवाफे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. इथंही तसेच, वर प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पण ओळ इतकी लांब, की पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसावा. प्रत्येकासमोर छोटी ढकलगाडी, तिच्यावर ट्रे. कमरेत वाकायचं, पानं बाजूला करायची, पिकलेलं फळ देठाशी नखानं खुडायचं, दाबायचं नाही, हिरवं घ्यायचं नाही, सडकं टाकायचं. पुन्हा वाकायचं. मी मोजत होते. एका मिनिटात ताई किती वेळा वाकली ते मोजता मोजता माझीच पाठ दुखायला लागली.

दुपारी डबा खाताना ताई म्हणाली, "मावशी, आमच्या बागेत द्राक्षाच्या काढणीला दर वर्षी बायका येतात. मी लहानपणापासून बघतेय. बांधावर उभी राहून, आज किती पेट्या झाल्या हे विचारायचे. पण दिवसभर हात वर करून घड कापल्यावर खांद्याचं काय होतं, हे एकदासुद्धा विचारलं नाही गं."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

रविवारी सुट्टी होती. आम्ही गाव बघायला निघालो. गावाबाहेर हमॉक नावाची टेकडी आहे, शंभर मीटरसुद्धा उंच नाही. पण तीही एक विझलेला ज्वालामुखी! तिच्यामुळेच इथली माती अशी लालभडक आणि सुपीक. मला तर कोकणच आठवलं. वरून बघितलं की एका बाजूला निळा समुद्र आणि बाकी सगळीकडे ऊस, ऊस आणि ऊस. अगदी आपल्या कृष्णाकाठासारखा. उसाच्या मधून चिमुकली आगगाडी तोडलेला ऊस घेऊन कारखान्याकडे जात होती. तिच्या दोन रुळांतलं अंतर फक्त दोन फूट. आपल्या माथेरानच्या गाडीचंही तेवढंच, बरं का!

ऊस तोडायला मात्र कुठं माणूस दिसेना. तिकडं १९७० च्या दशकातच हातानं ऊस तोडणं संपलं. एक अवाढव्य यंत्र शेतात शिरतं आणि कांड्या करून बाहेर पडतं. मग त्याआधी कोण तोडत होतं? ते सांगायला ताईनं मला मॉन रिपो नावाच्या किनाऱ्यावर नेलं. तिथं काळ्या दगडांची एक जुनी भिंत आहे. चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगडावर दगड. ती बांधली प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आणलेल्या माणसांनी.

१८६३ ते १९०४ या काळात अशी सुमारे ६२,००० माणसं क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत आणली गेली. बरीचशी आजच्या वानुआतू आणि सॉलोमन बेटांवरची. काहींना फसवून, काहींना चक्क पळवून जहाजात घातलेलं. शेतातले दगड त्यांनीच वेचले, वेचलेल्या दगडांच्या भिंती रचल्या आणि ऊस लावला. कितीतरी जण तिथंच मेले. कित्येकांच्या थडग्यावर नावसुद्धा नाही. आणि पुढं १९०१ साली कायदा झाला, की आता ही माणसं नकोत! गोऱ्या लोकांचा देश करायचा होता ना. १९०६ ते १९०८ या काळात त्यांतल्या बहुतेकांना परत धाडलं. राबवून घेताना बोलावलं आणि गरज सरल्यावर हाकललं. २०२१ च्या जुलै महिन्यात बंडाबर्गच्या महापौरांनी गावाच्या वतीनं या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली. जे राहिले, त्यांचे पणतू-खापरपणतू आजही या भागात आहेत. आणि या सर्वांच्याही आधीपासून ही भूमी तारिबेलांग बुंडा या मूळ रहिवाशांची. गावाच्या नावातलं 'बुंडा' त्यांच्याच भाषेतलं.

भिंतीवर हात ठेवून मी विचार करत होते. आमची ताई स्वखुशीनं आली, विमानानं आली, तिच्याजवळ परतीचं तिकीट आहे. तिची आणि त्यांची तुलना होऊ शकत नाही. पण एक धागा समान आहे. दूरवरून आलेला माणूस, ओळख ना पाळख, भाषा परकी. त्याला फसवणं सोपं असतं.

ताईचंही तसंच झालं होतं. मला ते तिथंच कळलं.

बंडाबर्गला आल्याबरोबर तिनं एका ठेकेदाराकडे काम धरलं होतं. रताळी काढायचं काम. त्यानं पैसे दिले, तेही ठरल्यापेक्षा कमी; आणि पगाराची चिठ्ठी दिलीच नाही. आज देतो, उद्या देतो. एकोणीस दिवसांनी ठेकेदाराचा फोन बंद! आणि नियम असा, की चिठ्ठी नाही तर दिवस नाही. पूर्वी काही मुलं शेतावर बिनपगारी काम करून, नुसत्या राहण्याजेवणावर दिवस भरायची. पण त्याच्या आडून काही मालक फुकट राबवून घ्यायला लागले, म्हणून २०१५ च्या डिसेंबरपासून बिनपगारी कामाचे दिवस मोजणं बंद झालं. कायदा मुलांच्या रक्षणासाठीच केलेला. पण ठेकेदारानं कागदच दिला नाही, तेव्हा त्याच कायद्यानं ताईचे एकोणीस दिवस पुसले गेले. तिनं कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार नोंदवली होती. पण वाढदिवस काही कुणासाठी थांबत नाही.

"सहासष्ट आणि एकोणीस म्हणजे पंच्याऐंशी!" मी पटकन म्हणाले. "अगं, मग फक्त तीनच दिवस उरले असते की!"

"हो ना."

मग ती हळूच म्हणाली, "वसतिगृहात एक जण आहे. पैसे दिले की मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या आणून देतो म्हणतो."

आता तुम्हाला खरं सांगते, दोस्तांनो. मोठ्या माणसांचं तुम्हाला वाटतं तसं नसतं. मी म्हणाले, "मग घे ना! तू ते एकोणीस दिवस खरंच केलेस. कुणाची चोरी केली नाहीस. उलट तुझीच चोरी झालीय."

ताई बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. म्हणाली, "दिवस खरे आहेत गं, पण कागद खोटा होईल. आणि त्या ठेकेदारानंही हेच केलं ना? त्यालाही वाटलंच असेल, कागदाला काय एवढं!"

मला लाज वाटली. विषय तिथंच संपला.

त्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये बघायला काही नसतं. पण नोव्हेंबर उजाडला, की रात्रीच्या अंधारात तिथं मोठमोठाली लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात, आणि जानेवारी ते मार्च पिल्लं तुरुतुरु समुद्राकडे धावतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला तुम्ही ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाहिली असतील, तसंच. ज्या भागात जन्मली, त्याच भागात ही कासवं वर्षानुवर्षांनी परत येतात. ताई म्हणाली, "त्यांना बरंय. व्हिसा लागत नाही!" आणि आम्ही दोघी खूप हसलो.

दुसऱ्या आठवड्यात व्हायला नको तेच झालं. पाऊस! त्या दिवसांत फारसा नसतो म्हणतात, पण तीन दिवस लागून राहिला. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तर शेतात घोटाभर चिखल. गाडी काही आली नाही. रोजंदारीवाल्यांना काम नाही म्हणजे दाम नाही आणि दिवसही नाही. कॅलेंडरवर चार कोऱ्या चौकटी. सहांपैकी चार दिवसांची सवड गेली, उरली दोनच.

त्या रिकाम्या दिवसांपैकी एका दिवशी आम्ही चिल्डर्सला गेलो. बंडाबर्गपासून साधारण पन्नास किलोमीटरवरचं हे टुमदार गाव. तिथल्या मुख्य रस्त्यावर एक जुनी देखणी इमारत आहे. पूर्वी तिथं फळतोडणीला येणाऱ्या मुलांचं वसतिगृह होतं. २३ जून २००० ला मध्यरात्रीनंतर तिला आग लागली. एका माणसानं मुद्दाम लावलेली. धोक्याची सूचना देणारी घंटा वाजलीच नाही. पंधरा तरुण मुलंमुली गेली; ब्रिटनची, ऑस्ट्रेलियाची, नेदरलँड्सची, आयर्लंडची, जपानची, कोरियाची. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये अशा स्वस्त वसतिगृहांसाठी आगीबाबतचे नियम कडक झाले. इमारत पुन्हा बांधली, आणि आत त्या पंधरा जणांचं स्मारक आहे. त्यांचं मोठं चित्र आहे, शेतात काम करता करता जरा विसावलेले, असं. सगळे तरुण, आमच्या ताईसारखे.

परत आल्यावर ताईनं मला आपल्या खोलीच्या छतावरचं धूर ओळखणारं यंत्र दाखवलं. तिनं आल्या दिवशीच बटण दाबून ते वाजतं की नाही हे बघून घेतलं होतं. पालकांनो, तुमची मुलं शिकायला किंवा नोकरीला परगावी राहायला गेली, की हे एवढं विचारत जा. जेवलास का, हे तर आपण विचारतोच.

आणखी एक गोष्ट तिनं दाखवली: नव्या शेतावरची पगाराची चिठ्ठी. पूर्वी फळतोडणीत नुसत्या पेटीवर पैसे देत. झाडावर फळच कमी असलं, तर दिवसभर राबूनही हाती चणेफुटाणे. २८ एप्रिल २०२२ पासून तिकडं नियम झाला, की पेटीवर पैसे दिले तरी तासाच्या किमान मजुरीपेक्षा कमी द्यायचे नाहीत, आणि तास लिहून ठेवायचे. १ जुलै २०२५ पासूनची देशाची किमान मजुरी तासाला २४ डॉलर ९५ सेंट; रोजंदारीवाल्याला त्यावर पंचवीस टक्के जास्त. ताईच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, तारीख, तास, दर, कापलेला कर, सगळं लिहिलेलं होतं. हातभर कागद, पण ती तो एखाद्या प्रशस्तिपत्रकासारखा जपत होती.

मला आपल्याकडचे ऊसतोडणी कामगार आठवले. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, मराठवाड्यातून कोयता आणि संसार बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये घालून ते पश्चिम महाराष्ट्रात येतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. मग हंगामभर तोडत राहायचं आणि ती फेडायची. किती टन झाले, किती फिटले, हे मुकादमाच्या वहीत. त्यांची मुलं तुमच्याच वयाची. काही मुलांसाठी कारखान्याजवळ साखरशाळा निघाल्या. पण पुष्कळांची शाळा हंगामात सुटतेच. ऑस्ट्रेलियातल्या मुलांना हंगाम संपल्यावर समुद्र बघायला जायचं असतं. या मुलांना हंगाम संपल्यावर फक्त घरी जायचं असतं.

मी दहा दिवसांनी परतले. ताई तिकडे, मी इकडे, आणि आता माझ्याही स्वयंपाकघरात तांबड्या फुल्यांचं कॅलेंडर! बहात्तर झाले. ऐंशी झाले. रोज सकाळी मी वर्तमानपत्रात आधी आपल्या गावचं नाही, तर बंडाबर्गचं हवामान कुठं मिळतं का ते शोधायची. घरातले हसायचे.

वाढदिवसाच्या तीन दिवस आधी दुपारी फोन वाजला. पलीकडून एकच शब्द आला.

"अठ्ठ्याऐंशी!"

चिठ्ठ्यांची चळत तपासून तिनं त्याच रात्री अर्ज भरला. पुढं यथावकाश व्हिसा आला. दुसऱ्या वेळेला सोडत नसते, बरं का. दिवस भरले आणि कागद पुरे असले की झालं. आता ती उत्तरेला, मकरवृत्ताच्याही पलीकडे केळीच्या बागेत आहे, आणि सुट्टीत प्रवाळाची बेटं बघून येते. त्या एकोणीस दिवसांचे उरलेले पैसे काही अजून मिळाले नाहीत.

आणखी एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबरात तासगावला द्राक्षाची छाटणी सुरू झाली, तेव्हा ताईनं वडिलांना फोन केला. "बाबा, एक वही घ्या. कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तारीख, तास, मजुरी लिहा. आणि रोजच्या रोज एक चिठ्ठी त्यांच्या हातात द्या."

भाऊजी आधी चिडले. "तीस वर्षं झाली, आमचं सगळं तोंडी चालतं. कुणाचा पैसा बुडवला नाही मी!"

"मला माहिती आहे, बाबा," ताई म्हणाली. "पण ते त्यांच्याजवळ लिहिलेलं नाहीये ना?"

परवा मी तासगावला गेले होते. पडवीत खुंटीला एक जाड वही टांगलेली होती, दोरीला पेन्सिल बांधलेली. कामाला येणाऱ्या एका बाईंची मुलगी, सातवीतली, शाळा सुटल्यावर आईला घ्यायला आली होती. ती वहीजवळ गेली, आईचं नाव शोधलं, बोट ठेवून तास वाचले, हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघितले. मग भाऊजींकडे वळून म्हणाली,

"काका, बुधवारचा अर्धा तास राहिलाय."

भाऊजींनी चष्मा लावला, पान उलटलं आणि अर्धा तास लिहिला.